सुज्ञ स्त्री आणि टिपणी क्रमांक सतरा

तपासनीसांना एक खोड होती आणि ती आपल्याला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी त्यांची नजर त्याच्या बटणांवर जायची. डावी बाजू उजवीवर आली की कपडा पुरुषाचा, उजवी डावीवर आली की बाईचा, आणि काहीच कळत नसेल तर तो बाईचाच धरायचा, असं कस्टम्सच्या दरपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. परदेशातून बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक कपड्याला त्या पुस्तकातला एक आकडा लावायचा, हे त्यांचं काम. कर किती, कागद कोणते आणि माल कधी सुटणार, ते सगळं त्या आकड्यावर ठरायचं. सव्वीस वर्षं ते बायकांच्या कपड्यांच्या विभागात होते. हमालांनी त्यांचं नाव 'डावं-उजवं' ठेवलं होतं आणि ते आपल्याला माहीत नाही असं ते दाखवत.

एकदा एका ओळखीच्या घरी ते समाचाराला गेले. तिथे वारलेल्या माणसाचा थोरला भाऊ घाईघाईत बाईचा कोट घालून बसला होता. पुढचा अर्धा तास तपासनीसांना खोलीत दुसरं काही दिसलं नाही. घरी येऊन त्यांनी बायकोला ती हकिगत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आणि गेलं कोण, ते विचारलंत का?" ते आठवायला त्यांना जरा वेळ लागला. ही गोष्ट पुढे तेच चहाच्या वेळी सगळ्यांना सांगायचे, कारण दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच आपली फजिती सांगितली की ती जरा कमी लागते, असा त्यांचा अनुभव होता.

त्यांची बसायची जागा चार नंबरच्या शेडमध्ये होती. पत्र्याचं छप्पर, डांबरगोळ्यांचा वास, आणि मधोमध लांबलचक टेबल. टेबलावर मोजपट्टी, कात्री, विणीचे टाके मोजायचं भिंग आणि दरपुस्तक, ज्याची पानं आता कोपऱ्यांवर मऊ पडली होती. कोपऱ्यात बायकोचा एक जुना फोटो होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं एका बेटावर फिरायला गेले होते, तेव्हाचा. बोटीच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर ती उभी आहे, हात छातीशी घट्ट धरलेले, ओठांवर थोडंसं हसू. "कॅमेऱ्याला लाजते," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेडमध्ये धूळ फार, म्हणून रोज सकाळी आल्या आल्या ते रुमालाने फोटोची काच पुसत आणि मगच पहिलं खोकं उघडत.

या टेबलावर बसूनच त्यांनी अकरा वर्षांपूर्वी टिपणी क्रमांक सतरा लिहिली होती.

तेव्हा भांडण असं होतं, की लांब, सैल झगा आला तर तो बाहेर घालायचा ड्रेस धरायचा की झोपताना घालायची नाइटी? प्रश्न दिसतो तितका साधा नव्हता. नाइटी ठरली तर नियमाप्रमाणे तिच्या कापडाची आगीची चाचणी करावी लागे, आणि प्रयोगशाळेतून अहवाल यायला सहा आठवडे. ड्रेस ठरला तर दुसऱ्या दिवशी माल बाहेर. व्यापारी म्हणत ड्रेस, तपासणारे म्हणत नाइटी, आणि रोज आवाज चढत. तपासनीसांनी मग पंधरा दिवस खपून आठ पानांची टिपणी लिहिली. तिच्यात चार कसोट्या होत्या: कमरेत आकार नसणे, कापड मऊ असणे, खिसे नसणे आणि लांबी गुडघ्याखाली असणे. चारही लागू पडल्या तर नाइटी. आणि शेवटी एक वाक्य, जे त्यांना रविवारी अंघोळ करताना सुचलं होतं: 'वरील चारही कसोट्यांस उतरणारा पोशाख परिधान करून कोणतीही सुज्ञ स्त्री घराबाहेर पडणार नाही.'

टिपणी वरच्या मजल्यावर गेली, मंजूर होऊन खाली आली, दुसऱ्या बंदरांनी तिच्या प्रती मागवल्या. नव्याने भरती होणाऱ्यांना ती शिकवली जाऊ लागली. आयुष्यात आपण एवढं एकच लिहिलं आणि तेही नाइटीवर, असं ते हसत हसत म्हणायचे खरे, पण मनातून त्यांची छाती फुगायची. ते शेवटचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. कधीकधी बसमध्ये ते स्वतःशीच म्हणून बघत.

यंदा त्यांच्या मुलीने नोकरी सोडून बाहेरून कपडे आणण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा तपासनीसांनी पहिल्याच दिवशी वर लेखी कळवलं, की हिचा कुठलाही माल माझ्या टेबलावर नको. नियमाप्रमाणे वागल्याचं समाधान त्यांना दोन महिने पुरलं. तिची पहिलीच ऑर्डर आईच्या ओळखीने मिळाली. आई बायकांच्या एका गायनसंघात गायची, दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी. संघाचा शनिवारी गावच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि बेचाळीस जणींना एकसारखे ड्रेस हवे होते. मुलीने ते मागवले: गडद निळे, सैल, मऊ कापडाचे, पोटरीपर्यंत लांब. गाताना श्वास घ्यायला जागा हवी, असं संघाच्या बाईंनीच सांगितलं होतं. सोमवारी खोकी शेडमध्ये आली आणि शेजारच्या टेबलावर गेली.

शेजारच्या टेबलावर एक तरुण बाई होती. हातात कायम पट्टी असायची, म्हणून सगळे तिला 'फूटपट्टी' म्हणत. तिला तपासनीसांनीच तयार केलं होतं. मंगळवारी दुपारी ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सर, ते निळे झगे मी नाइटी धरले. आकार नाही, कापड मऊ, खिसे नाहीत, लांबी गुडघ्याखाली अठरा सेंटिमीटर. चारही कसोट्या लागू पडतात. तुमचीच टिपणी आहे."

"बरोबर आहे," तपासनीस म्हणाले. क्षणभर त्यांना तिचा अभिमान वाटला. खोकी मुलीची आहेत हे आठवलं ते त्यानंतर.

संध्याकाळी घरी मुलगी जेवायला थांबली होती, पण जेवत नव्हती. "बाबा, बेचाळीस बायका शनिवारी काय घालून उभ्या राहणार? सहा आठवड्यांनी येऊन काय उपयोग? पहिलीच ऑर्डर बुडाली, तर दुसरी मला कोण देणार आहे?"

"फेरविचाराचा अर्ज दे ना."

"दिलाय. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे. मोठ्या साहेबांनी टिपणी लिहिणाऱ्यालाही बोलावलंय. तुला."

हे तपासनीसांना माहीत होतं. निरोपाची चिठ्ठी दुपारपासून त्यांच्या खिशात होती.

"तू काय सांगणार तिथे?"

"खरं ते सांगणार."

"खरं म्हणजे काय?"

"टिपणीत आहे ते," ते म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना कळलं की आपण किती मूर्ख दिसतोय. पण अकरा वर्षं जी गोष्ट शेकडो लोकांना लागू केली, ती घरच्या खोक्यांवर आली म्हणून मागे घ्यायची, हेही त्यांच्याने होईना. मुलीने ताट बाजूला सारलं आणि ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

बायको ताटं आवरत होती. ती म्हणाली, "बघू तरी काय लिहिलंय एवढं." अकरा वर्षांत तिने ती टिपणी कधी वाचली नव्हती. त्यांनी कधी दिलीही नव्हती. घरात कशाला ऑफिसचं, असं ते म्हणायचे. तिने चष्मा लावून मुलीने आणलेल्या प्रतीची आठही पानं वाचली. शेवटच्या वाक्याशी थांबली. ते तिने पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं, सावकाश, 'सुज्ञ' या शब्दावर जरा रेंगाळून. बसमध्ये इतकं छान वाटणारं ते वाक्य तिच्या तोंडून ऐकताना तपासनीसांना खुर्चीत नीट बसवेना.

"अहो, तुमच्या टेबलावर माझा तो फोटो आहे ना अजून?"

"म्हणजे काय? रोज पुसतो."

"पुसता. उद्या-परवा एकदा बघा." एवढं बोलून ती गाण्याची फाइल घेऊन सरावाला निघून गेली.

बुधवारी ते बघायचं विसरले. खरं सांगायचं तर मुद्दाम विसरले. गुरुवारी मात्र शेड उघडायच्या आधीच ते टेबलाशी येऊन बसले. फोटो पुसला, आडवा ठेवला आणि सवयीने भिंग हातात घेतलं.

पहिली कसोटी: कमरेत आकार. नव्हता. झगा खांद्यापासून सरळ खाली पडलेला. दुसरी: कापड. वाऱ्यावर असं उडालेलं कापड मऊ असणारच, आणि बाहीला बारीक झालर. तिसरी: खिसे. दोन्हीकडे नाहीत. चौथी: लांबी. अर्ध्या पोटरीपर्यंत. चारपैकी चार. आणि मागे भर दुपारचं ऊन, बोटीतून उतरणारी माणसं, एक खारेदाणेवाला, एक खाकी कपड्यातला बोटीवरचा कामगार. घराबाहेर याहून जास्त बाहेर काही नसतं.

तपासनीसांनी भिंग खाली ठेवलं. सव्वीस वर्षं त्यांनी लाखो बायकांचे कपडे डोळ्यांत तेल घालून बघितले होते, जे कुणाच्याच अंगावर नसायचे असे. ज्या एका बाईच्या अंगावरचा कपडा त्यांच्यासमोर रोज सकाळी पुसायला असायचा, तो त्यांनी एकदाही बघितला नव्हता. आणि ते वाक्य लिहिताना तर हा फोटो कागदाच्या शेजारी, हातभर अंतरावर होता. त्यांना हसूही आलं आणि स्वतःच्या मुस्काटात मारावीशीही वाटली. मग एक वाईट विचार आला: फोटो खणात टाकावा, कुणाला काय कळणार. टिपणी राहील, नाव राहील, दोन वर्षांनी निवृत्त होताना हारतुरे घेऊन घरी जाता येईल. हा विचार त्यांनी बराच वेळ मनात घोळवला, असं त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. अकराला पाच कमी असताना त्यांनी फोटो काखेत मारला आणि जिना चढले.

मोठे साहेब सर्दीने बेजार होते आणि लवकर उरकायच्या बेतात होते. टेबलावर निळा झगा पसरलेला होता. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला फूटपट्टी, दोघींच्या पुढ्यात टिपणीची एकेक प्रत.

"टिपणी तुमची," साहेब म्हणाले. "चारही कसोट्या लागू पडतात असं या म्हणतात. तुम्ही अजून टिपणीवर ठाम आहात ना?"

तपासनीसांनी फोटो झग्याशेजारी ठेवला. "साहेब, हे एकदा बघा."

साहेबांनी बघितलं. "ही कोण?"

"माझी बायको."

साहेबांनी टिपणीचं शेवटचं पान उलटलं, मग पुन्हा फोटोकडे बघितलं. "सुज्ञ आहे का?"

"माझ्याशी लग्न केलं तेवढं सोडलं, तर पूर्ण सुज्ञ आहे."

साहेब हसता हसता शिंकले. फूटपट्टी हसली नाही. तिने फोटो जवळ ओढला, त्यावर पट्टी ठेवली, फोटोतल्या पायरीच्या उंचीवरून काहीतरी हिशेब केला आणि हळू आवाजात म्हणाली, "लांबी गुडघ्याखाली साधारण वीस भरते. चारही लागू पडतात, सर. आणि त्या धक्क्यावर उभ्या आहेत."

"तुमच्या मुलीचा माल आहे," साहेब म्हणाले, "म्हणून हे आज दाखवताय का?"

"हो," तपासनीस म्हणाले. मुलीने चमकून त्यांच्याकडे बघितलं. "तिचा माल नसता तर मी हा फोटो बघितलाच नसता. अकरा वर्षं बघितला नाही. पण तेवढ्याने टिपणी बरोबर ठरत नाही, साहेब. ती चुकीची आहे. बायका घराबाहेर काय घालतात ते मी आठ पानं लिहिलं आणि एकाही बाईला विचारलं नाही. तेव्हा घरात दोन होत्या."

मग साहेबांनी नाक पुसलं आणि निकाल सांगितला. माल ड्रेस म्हणून सोडावा. टिपणी सतरा मागे घेण्यात येत आहे. नवी टिपणी शेजारच्या टेबलाने लिहावी, आणि तपासनीसांनी तिला लागेल ती मदत करावी. बाहेर पॅसेजमध्ये मुलगी त्यांच्याजवळ आली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तशी तिने त्यांची बाही धरली आणि जिना उतरेपर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांना कधी एकदा सांगतो असं झालं होतं. बायको गाण्याची पानं क्रमाने लावत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं, साहेबांच्या शिंकेसकट. "एकूण काय, तुझ्या त्या ड्रेसने वाचवलं बघ आज."

"कुठला ड्रेस?"

"फोटोतला."

"ती नाइटी होती," बायको म्हणाली.

तपासनीस उभेच होते, ते खाली बसले.

"सातची बोट होती. सुटेल, सुटेल म्हणून तुम्ही मला झोपेतून उठवलंत. मी तोंड धुऊन येते तर खोलीत बॅगच नाही. तुम्ही ती खाली नेऊन बोटीवर चढवलेली. माझे सगळे कपडे तीत. बोटीच्या तळाशी ती गेली ती संध्याकाळीच हाती लागली. मग काय करणार? होते त्यात आले."

"म्हणजे मी साहेबांसमोर खोटं बोललो?"

"खोटं कसं? ड्रेस आहे असं म्हणालात का?"

त्यांनी आठवून बघितलं. म्हणाले नव्हते.

"आणि मी तरी कुठे म्हटलं होतं? मी म्हटलं, बघा. सुज्ञ स्त्री घराबाहेर पडणार नाही असं तुम्ही लिहिलंत. मी पडले होते. दिवसभर. बेटावर, खानावळीत, परतीच्या बोटीत. हात असे छातीशी धरून."

"मला वाटायचं, तू कॅमेऱ्याला लाजतेस."

"कॅमेऱ्याला कशाला लाजेन?"

मग त्यांनी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"वाट बघत होते. तुम्ही काहीतरी म्हणाल, बॅग वर काढायला सांगाल. दुपारपर्यंत तर मला रडू येत होतं. मग फोटो काढताना तुम्ही कॅमेऱ्यातून बघून म्हणालात, छान दिसतेस." तिने हातातली पानं सारखी केली. "मग सांगावंसं वाटलं नाही. पुढे कधी तुम्ही तसं म्हणाला नाहीत. म्हणून तेवढं ठेवून दिलं मी."

तपासनीसांना वाईट वाटलं, आणि ते जेवताना आणि नंतरही वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी फूटपट्टीला खरं काय ते सांगून टाकलं. मनावर ओझं ठेवून काम करता येत नाही, हे एक कारण, आणि तिच्याशिवाय सांगायला दुसरं कुणी नव्हतं, हे दुसरं. तिने पट्टी गालाला लावून विचार केला. "म्हणजे ती नाइटी होती आणि त्या बाहेर पडल्या. मग तुमचं वाक्य आणखीच चुकीचं ठरतं, सर. निकालाला धक्का नाही." नव्या टिपणीत तिने तो दाखला घातला. 'एका तपासनीसाची पत्नी' असा. नाव नको म्हणून तपासनीसांनी फार विनवलं होतं, पण शेडमध्ये लग्न झालेले तपासनीस एकच होते.

शनिवारी सभागृह भरलं होतं. पडदा उघडला तेव्हा बेचाळीस निळे झगे तीन रांगांत उभे होते. तपासनीसांनी पहिल्या गाण्यात शिवणी बघितल्या, कारण सवय जात नाही. दुसऱ्या गाण्यापासून त्यांनी दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरीकडे बघायला सुरुवात केली, आणि मग शेवटपर्यंत ते दुसरीकडे कुठे बघू शकले नाहीत. तिचा आवाज त्यांना वेगळा ओळखू येत नव्हता, याचीही त्यांना लाज वाटली.

कार्यक्रम संपल्यावर मुलीभोवती बायकांचा घोळका जमला. दुसऱ्या गावच्या एका संघाच्या बाई तिचा नंबर लिहून घेत होत्या. तपासनीस फाटकाजवळ थांबले. बायको बाहेर आली, गाण्याची फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्यांनी तिच्याकडे गळ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत एकदा नीट बघितलं आणि मग पुन्हा वर, चेहऱ्याकडे. ती थांबली.

"छान दिसतेस," ते म्हणाले.

तिने एकदा अंगावरच्या झग्याकडे बघितलं. "हा ड्रेस आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे. या वेळी बघून म्हणतोय."

तिने फाइल त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही हात मोकळे सोडून ती बसच्या थांब्याकडे चालू लागली.